कापरावरची शपथ

२००४च्या उन्हाळ्यात चेन्नईतल्या आमच्या इमारतीत नळाला पाणी नव्हते. एक दिवसाआड लॉरी येई, अंगणातली टाकी भरे, आणि घरमालक प्रत्येक बिऱ्हाडाला दहा कुडम मोजून देत. कुडम म्हणजे प्लॅस्टिकची घागर. आमच्या घरी सहा महिन्यांचे मूल होते. दहा पुरत नसत.

टाकीतले दोन कुडम दर वेळी कमी भरतात, अशी तक्रार वरच्या मजल्यावरच्या भाडेकरूने केली. मालक तंजावरकडचे मराठी, निवृत्त शिक्षक. आम्ही त्यांना मामा म्हणत असू. त्यांनी सगळ्यांना अंगणातल्या पिळ्ळैयारसमोर, म्हणजे गणपतीसमोर, बोलावले. दगडावर कापूर पेटवायचा, तळहात मारून तो विझवायचा आणि ‘मी पाणी घेतलं नाही’ असे म्हणायचे, ही तिकडची शपथ. पहिला हात मामांनी मारला. नंतर दोन भाडेकरूंनी. माझी पाळी आली तेव्हा मी नुसतेच सांगितले, “मी घेतलं नाही.”

“हात मारून सांगा.”

“मामा, मी देव मानत नाही. माझ्या शपथेला काय अर्थ?”

“तेच तर. सामीची भीती नाही, त्याला चोरी करताना कोण अडवणार?”

“म्हणजे तुम्हाला फक्त सामी अडवतो?”

“मग आणखी कोण?” ते शांतपणे म्हणाले.

पुढच्या लॉरीपासून आम्हाला पाच कुडम मिळू लागले. शपथ घेईपर्यंत पाचच.

“मानत नाहीस ना?” पत्नी म्हणाली. “मग तुझ्या लेखी तो नुसता कापूर. मार की हात.”

“म्हणूनच मारत नाही.”

“बरं. दुपटी तुझ्या तत्त्वांत धुते.”

पाचव्या दिवशी पहाटे मी हार मानून खाली गेलो. टाकीचे झाकण उघडे होते. मामी कुडम भरून देत होत्या आणि मामा स्तोत्र म्हणत पिळ्ळैयारला स्नान घालत होते. एक कुडम झाला, मग दुसरा.

“मामा, दोन कमी भरतात ते हेच ना?”

“हे?” त्यांना खरोखरच नवल वाटले. “हे सामीचं. हे कसं मोजायचं?”

“तुम्ही शपथ घेतली होती.”

“घेतली की. मी कुठे घेतलं पाणी? त्याला दिलं.”

ते खोटे बोलत नव्हते. खोटे बोलत असते तर भांडता आले असते.

“मग आमचे पाच कुडम?”

“शपथ घ्या, आजपासून दहा.”

मामींनी कापूर पेटवला. मी हात मारला. तळहाताला जरा चटका बसला. पिळ्ळैयारच्या सोंडेवरून पाणी अजून ठिबकत होते.

त्या दिवशी दहा कुडम मिळाले. पुढच्या लॉरीला वरच्या भाडेकरूने पुन्हा तीच तक्रार केली. मामांनी त्याला गप्प केले. सगळ्यांच्या शपथा झाल्या आहेत, ते म्हणाले, आता कोणावर संशय घेणे बरे नाही.