क्रीम रंगाची पँट

विलास गेल्याचा फोन आला तेव्हा मी बैठकीतल्या दिवाणावर बसलो होतो. सकाळी चहा पिता पिता त्याला हृदयविकाराचा झटका आला. पलीकडे वहिनी रडत होत्या आणि मला, खरं सांगतो, आधी दुःख नाही, लाज वाटली. महिना उलटला, ती अजून जात नाही, म्हणून हे लिहितो आहे.

खापा गावच्या शाळेपासूनचा आमचा दोस्ताना. नागपुरात दोघंही नोकरीला लागलो, आणि रविवारी सकाळी आमच्याकडे पोहे आणि कॅरम हे ठरूनच गेलं. मग एका मार्चमध्ये कूलरचं गवत बदलायला तो शिडीवर चढला आणि पाठीवर पडला. मणक्याला मार बसला. पाय तर गेलेच, लघवीवरचा ताबाही गेला. तरी काही महिन्यांनी त्याने व्हीलचेअरवरून येऊन रविवार पुन्हा सुरू केला. हातांच्या जोरावर तो दिवाणावर सरकायचा, पाय मी उचलून ठेवायचो. कधी पँट ओली व्हायची. पुढे तो काळीच पँट घालू लागला. मी मोठा हुशार! दिवाणाच्या चादरीखाली प्लॅस्टिक अंथरून ठेवलं. त्याला कळत नाही, अशी माझी समजूत. तो बसला की खालून चुरचुर आवाज यायचा, आणि आम्ही दोघंही उगाच मोठ्याने बोलायला लागायचो...

नऊ वर्षं असंच चाललं. मग डॉक्टरांनी रोबोटने करायची शस्त्रक्रिया सुचवली. आतड्याचा तुकडा जोडून मूत्राशय मोठं करायचं, बेंबीपाशी एक बारीक वाट ठेवायची आणि दर चार तासांनी तिथून नळी घालून लघवी काढायची. घाबरलो मीच. मशीनच्या हातात जीव द्यायचा का, असं विचारलं तर तो हसला.

"काहून घाबरून राहिला गा? हात मशीनचे, डोकं डॉक्टरचंच. तो बाजूले बसून चालवते. मले एकदा कोरडं बसाचं आहे, बस."

ऑपरेशननंतर सावरायला दोन-तीन महिने गेले. मग एका रविवारी बेल वाजली. दारात विलास, इस्त्रीचा शर्ट आणि क्रीम रंगाची पँट. मला सगळं समजलं. "नवरदेव दिसून राहिला लेका," असंही म्हणालो. तो चक्क लाजला. हातांवर भार देऊन दिवाणावर बसला... आणि खालून चुरचुर झाली.

विसरलो होतो, असं सांगता आलं असतं. पण विसरलो नव्हतो. सकाळीच चादर बदलताना ते प्लॅस्टिक हाताला लागलं होतं, आणि काय भरोसा म्हणून मी तसंच राहू दिलं होतं.

विलासने माझ्याकडे पाहिलं. "अजून ठेवलंच आहे का गा?" एवढंच बोलला आणि परत खुर्चीत सरकला. "इथूनच खेळतो. स्ट्रायकर इथून बरा लागते."

त्यानंतरही तो दर रविवारी आला, क्रीम पँट घालूनच आला, पण दिवाणावर कधी बसला नाही. प्लॅस्टिक मी त्याच संध्याकाळी फेकलं. "इथं बस ना" म्हणायची हिंमत मात्र दोन वर्षांत झाली नाही. माफी तर दूरच राहिली.

तेरवीला त्याच्या घरी गेलो तेव्हा खोली पाहुण्यांनी भरली होती. वहिनींनी त्याच्या पलंगाकडे हात केला. "बसा न भाऊजी, त्याइच्याच जागी बसा."

बसण्याआधी माझा हात आपोआप चादरीखाली गेला. वहिनींनी ते पाहिलं.

"ऑपरेशन करून घरी आले, त्याच दिवशी काढून टाकलं मी," त्या हळूच म्हणाल्या. "ते म्हणत होते, राहू दे काही दिवस. मी म्हटलं, भिजलं तं धुता येते."

मी बसलो. खालून कसलाच आवाज आला नाही.