काका, बूट काढून नाचा

मराठी मंडळाच्या विजयकुमारचा नवऱ्याला फोन आला आणि सरोजिनीबाईंनी कपाळावर हात मारला. गणपती जवळ आले की हा फोन येणार, आणि त्यात तेच ते दळण असणार.

"काका, यंदाही तुमचा आयटम हवाच हं. फक्त ते बूट तेवढे..."

"अरे, बूट काढून टॅप डान्स कसा करायचा?" मोरेश्वर ओरडले. "आवाज बुटांचाच असतो!"

"पण स्टेजवर बाप्पा असतात काका. चामडं कसं चालेल?"

"तबला कशाचा असतो रे?"

"तबला कोणी पायात घालत नाही ना."

झालं. मोरेश्वरांनी फोन सोफ्यावर फेकला आणि पुढचा तासभर सरोजिनीबाईंचं डोकं खाल्लं. जणू मंडळाची घटना बाईंनीच लिहिली होती!

मोरेश्वर मूळचे गिरगावातले. वांद्र्याला एका हॉलमध्ये पेरेरा नावाचे म्हातारे मास्तर बुटांच्या तळव्यांना धातूच्या पट्ट्या लावून हा नाच शिकवायचे. कॉलेज बुडवून हा पोरगा तिथे पडीक. पुढे हॉटेलांतल्या शोमध्ये नाचला, सिनेमात हिरोच्या मागे तिसऱ्या रांगेत नाचला. मग डिस्को आला आणि पायांच्या आवाजाला कोणी विचारेना. लग्न झालेलं, पोट तर भरायला हवं. सेफ्टीचा कोर्स करून नोकऱ्या धरल्या, आणि त्यातूनच एक दिवस कुवेत. तिथल्या मंगफ भागातल्या फ्लॅटमध्ये सामान सोडलं तर डाळ-तांदळाच्या पिशव्यांखालून बूट निघाले. सरोजिनीबाईंना वाटलं होतं, ती ब्याद मुंबईतच राहिली.

स्वयंपाकघराच्या लादीवर खडखडाट सुरू झाला. खालच्या मजल्यावरचे भांडायला आले. शेवटी इमारतीचा हारिस, म्हणजे राखणदार, मजीद याने वैतागून तळघराची किल्लीच देऊन टाकली. तिथे नाचता नाचता नाव झालं. कंपनीच्या ॲन्युअल डेला बोलावणं, गोवेकरांच्या लग्नांत बोलावणं, सुट्टीच्या दिवशी फिलिपिनो पोरं शिकायला दारात. सगळ्या कुवेतने मोरेश्वरांचे बूट ऐकले, मराठी मंडळ सोडून. मंडळात ते एकदा अनवाणी नाचले, एकदा मोज्यांवर. एकदा तर ज्येष्ठ कलावंत म्हणून त्यांच्या मानाखातर स्टेजभर लाल गालिचा अंथरला. गालिच्यावर टॅप! ते कुरकुरले, तेव्हा मागून कोणी अर्चनाबाई म्हणाल्या, "नाचता येईना, अंगण वाकडं." सरोजिनीबाई त्यांच्याशी आजही बोलत नाहीत. अहो, अंगण खरंच वाकडं होतं!

आणि तरी हा माणूस दरवर्षी जायचा. याचाच सरोजिनीबाईंना जास्त संताप यायचा. बाहेर एवढी वाहवा मिळते, मग या लोकांचीच कशाला हवी? पण मोरेश्वरांना ती हवीच होती. आणि आता तर नोकरी संपली होती, इकाम्याचे, म्हणजे इथे राहायच्या परवान्याचे, शेवटचे दिवस उरले होते. गणपती झाले की दोघं कायमचे नाशिकला जाणार होते. यंदा नाही तर कधीच नाही.

शुक्रवारी शाळेच्या हॉलवर पोचतात तो काय, स्टेजवर पुन्हा गालिचा. मोरेश्वर हातात बूट घेऊन पायऱ्यांशी उभे, विजयकुमार वर हात जोडून उभा. "काका, मोज्यांवर करा ना, लोकांना कुठे कळतंय?"

मोरेश्वर नुसते बुटांकडे बघत राहिले. ते बघून सरोजिनीबाईंचा तोल सुटला.

"देव वर बसलाय ना? मग तुम्ही खाली नाचा! खाली लादी आहे, नि सगळे चपला घालूनच फिरतायत. विजयकुमार, पुढच्या दोन रांगा हटव."

विजयकुमारने एकदा बाप्पाकडे पाहिलं. मग त्याने खुर्च्या हटवल्या.

मोरेश्वर खाली नाचले. मागच्या लोकांना काही म्हणजे काही दिसलं नाही. सरोजिनीबाईंनाही नाही, त्या प्रसादाच्या डब्यांपाशी उभ्या होत्या. पण ऐकू सगळ्यांना आलं. आधी सावकाश, मग दुपटीत, मग असं की बोलणारी तोंडं बंद झाली. मोरेश्वरांचा डावा गुडघा कुठे दगा देतो, हे बाईंना आवाजावरून ठाऊक होतं. तिथे त्यांनी श्वास रोखला. गुडघ्याने दगा दिला नाही.

टाळ्या थांबेनात. मोरेश्वरांना वाकवेना, म्हणून सरोजिनीबाईंनीच खाली बसून त्यांचे बूट काढले. मग ते अनवाणी वर गेले आणि बाप्पापुढे डोकं टेकलं. बराच वेळ उठलेच नाहीत.

विजयकुमार धावत आला. "काकू, कमाल झाली! पुढच्या वर्षी काकांना पूर्ण अर्धा तास देतो."

सरोजिनीबाईंनी बूट पिशवीत घातले.

"पुढच्या वर्षी आम्ही नाही रे," त्या म्हणाल्या. "इतकी वर्षं इथेच होतो."