कोरियातल्या म्हातारीनं लेकरू पाठीला बांधलं

दसऱ्यानंतरची गोष्ट हाय. दुपारी टँकरची वाट बघत आमी बाया ओट्यावर बसलो होतो, अन् माझ्या डोक्यात एकच घोर... पोरीला संगं न्यायचं का घरी ठेवायचं.

आमी बीडमधल्या चौसाळ्याकडचे. यंदा पाऊसच न्हाई. आमच्या भागातल्या कारखान्याला गाळायला ऊस न्हाई, म्हणून कोयता घेऊन कोल्हापूरकडं तोडणीला जायचं ठरलेलं. आरू माझी अजून अंगावर पिणारी. आत्याबाई, म्हंजी माझ्या सासूबाई, म्हणल्या की पोरगी माझ्यापाशी घरी राहू दे, वरच्या दुधावर काढीन मी.

त्यांचं बी खोटं न्हवतं. उसाच्या फडात लेकरू खाली ठेवायची सोय न्हाई... साप, इंचू, मागून ट्रॅक्टर. कुणीतरी दिवसभर कडंवर घेतलं पाहिजे, अन् आत्याबाईंना संगं नेलं तरी त्यांचं मनगट लई दुखतं, घटकाभर बी लेकरू धरवत न्हाई. घरी निदान पाळणा हाय. पण मला लई भ्याव वाटायचं. हंगाम संपवून मी परत येईन तवा आरू मला वळखंल का न्हाई...

शेजारच्या शबाना भाभीला कोरियाच्या पिच्चरचा नाद हाय. हिंदीत केलेले फोनवर बघती. म्हणती, आता सगळ्या जगात ह्येच चालतंय, बक्षिसं बी ह्यांनाच. मी म्हणलं, कावून? आपल्याला त्यांचं काय कळतंय? तर तिनं टँकर येईपर्यंत एक लावूनच दिला.

एका खेड्यातली म्हातारी अन् तिची नात. पोरीची आई शहरात फॅक्टरीत कामाला गेलेली. अंगणात लाल मिरच्या वाळत घातलेल्या, जेवायला खालीच बसतेत... मला तर आमच्याच गल्लीत आल्यावानी वाटलं.

पण माझी नजर अडकली दुसरीकडंच. म्हातारीनं नात पाठीला बांधलेली. दोन्ही हात मोकळे... कोबी धुती, चूल पेटवती, अन् पोरगी पाठीवर गाढ झोपलेली. मी तेवढंच मागं घेऊन घेऊन बघितलं. भाभी म्हणली, पुढं तर जाऊ दे, गोष्ट पुढं हाय.

पिच्चरच्या खाली लोकांनी कायबाय लिहिलेलं. भाभी बटन दाबायची, की ते हिंदीत व्हायचं. बाहेरच्या देशातले लिहितेत, आमी रडलो, असलं कापड कुठं मिळतं. अन् कोरियातलेच काही लिहितेत, किती कंटाळवाणा पिच्चर, हे जुनंपानं कुणाला बघायचंय. मला नवलच वाटलं. घरच्यांना कंटाळा अन् परक्यांना रडू, असं कसं...

मंग आठवलं, आमच्या कोप्यांचे फोटो काढाय बी शहरातून लोक येतेत. लई भारी म्हणतेत. अन् आमाला वाटतं, ह्या पाचटाच्या खोपटात काय बघायचंय ह्यांना.

दुसऱ्या दिवशी मी जुनं सुती लुगडं काढलं. आधी ज्वारीची पिशवी पाठीला बांधून बघितली. बसली पक्की. मंग आरूला बांधलं, तर तिनं असा टाहो फोडला की भाभी पळत आली. चूक माझीच. हाताला सवय उसाची मोळी आवळायची, तसाच पीळ देऊन आवळलं मी.

आत्याबाई डाळ निवडत होत्या. तिथूनच म्हणल्या, "अगं, लेक हाय ती. मोळी न्हाई कारखान्याला घालायची." भाभी हसून हसून खालीच बसली.

परत पिच्चर लावला. नीट बघितलं तर म्हातारी पीळ देतच न्हाई. रुंद कापड लेकराच्या बुडाखालून घेती, अन् मंग पुढं आणून बांधती. तसं केलं... आरू गप झाली. मी अंगणात फेऱ्या मारल्या, दोन्ही हात हलवून दाखवले. म्हणलं, आत्याबाई, आता नेते हिला.

त्या उठल्या. माझ्या मागं येऊन आरूच्या गालाला हात लावला. "उभ्या उसात शिरलीस की पान हिच्या डोळ्यात जाणार. अन् डोक्यावर मोळी घेतल्यावर हिनं कुठं जायचं?"

माझं तोंडच उतरलं. हे माझ्या ध्यानातच आलं न्हवतं. ती म्हातारी काय ऊस तोडत न्हवती. मी गाठ सोडाय लागले...

"सोडून ठेवू नको. माझ्या पाठीला बांध."

मला काही उमजंना. तर म्हणल्या, "मनगट गेलंय माझं, पाठ न्हाई गेली. मी येते संगं. कोपीवर भाकरी बी करीन अन् हिला बी संभाळीन." अन् भाभीकडं वळून, "शबाना, शेळ्या तुझ्याकडं. फोन जरा कमी बघ."

आता हे कोपीतूनच बोलून टाईप करतेय, चुकलं तर समजून घ्या. आत्याबाई आरूला प्यायला घेऊन फडाच्या कडंला येतेत. दुसऱ्या टोळीतल्या बाया इचारतेत, हे कुठं शिकलात? तर म्हणतेत, कोरियाच्या इहिणीकडं.

त्या पिच्चरखाली मी बी मराठीत लिहिलं, की तुमच्या म्हातारीचं बघून आमी बीडच्या बाया शिकलो. परवा तिथल्या एका बाईचं उत्तर आलं, भाभीवानी बटन दाबून वाचलं. तिची आजी तिला असंच बांधायची म्हणं, अन् तिला मोठेपणी त्याची लाज वाटायची. आता आईला घेऊन पिच्चर परत बघणार हाय.

तिचं नाव बी मला वाचता येत न्हाई... पण रोज संध्याकाळी मी फडातून आले की आरू आजीच्या पाठीवरून वाकून माझ्याकडं झेप घेती, तवा त्या बाईच्या आजीला मी मनातल्या मनात हात जोडते.