झेंडूच्या कळ्यांची अरबी

तमाम लोकांस या जाहीर नोटिशीने कळविण्यात येते की, मखमलाबादच्या आमच्या घरी, ओटीवर, झेंडूच्या ढिगाशेजारी, मुलांना अरबी बोलायला आणि लिहायला शिकवलं जातं. कोणाची हरकत असल्यास ती त्यांनी आपापल्या घरी नोंदवावी.

ब्याण्णव साली आम्ही मस्कतला निघालो तेव्हा अख्खी गल्ली जीपभोवती जमली होती. माझे सासरे अण्णा फुलशेती करणारे, एरवी चार शब्दांवर न जाणारे. त्यांनी खिडकीतून चिवड्याची पिशवी माझ्या मांडीवर टाकली आणि म्हणाले, "आपली भाषा विसरू नका." मी मान डोलावली. आपली म्हणजे कोणाकोणाची, हे तेव्हा कोणी विचारलं नाही.

मस्कतला मी दवाखान्यात नर्स, नवरा कंपनीत. रेवा आणि ओम तिथेच जन्मले आणि शेजारच्या उम्म नासिरच्या, म्हणजे नासिरच्या आईच्या, मांडीवर वाढले. माझी ड्यूटी संपेपर्यंत ती त्यांना खजूर भरवायची, रागवायची आणि ताटलीत तांदूळ पसरून बोटानं अक्षरं काढायला लावायची. शेवटी मीही त्या ताटलीत बोट घातलं. मराठी मी मुलांना नीट शिकवली होती. पण रेवा झोपेत बडबडायची ती अरबीत.

दहा वर्षांनी नवऱ्याचं कंत्राट संपलं. नाशिकला उतरल्या उतरल्या रेवा "जद्दी! जद्दी!" करत अण्णांना बिलगली. जद्दी म्हणजे आजोबा.

"जद्दी-बिद्दी नाय. अण्णा म्हण," ते म्हणाले. "पुन्हा हा शब्द घरात नको."

पोरगी गुणी. पुन्हा म्हणाली नाही. हळूहळू बाकीचे शब्दही विसरायला लागली. एक दिवस मला म्हणाली, "आई, उम्म नासिरचा फोन आला तर मी काय बोलू?"

त्याच संध्याकाळी मी पाटी काढली.

जाऊबाईंनी हसून घेतलं. "इथं अरबी बोलणार कोणाशी गं, गोदेवरच्या कबुतरांशी?"

"हो," म्हटलं, "तीही शिकतील."

उपयोग काय, असं प्रत्येकानं विचारलं. यांच्या दारातल्या रांगोळीचा उपयोग मी कधी विचारला नव्हता! अण्णांसमोर मात्र मी पदर खोचून उभी राहिले. "तुम्हीच म्हणाला होतात, आपली भाषा विसरू नका. पोरांची हीसुद्धा आपलीच आहे."

अण्णांनी ढिगातलं एक किडकं फूल काढून फेकलं. मग म्हणाले, "ईदला त्या बाईला फोन करशील, तोपर्यंत शिकव. तिच्याशी बोलताना पोरगी अडखळली, की पाटी माळ्यावर."

मग काय, रोज ओटीवर शाळा. पाटीवर अरबी अक्षराची होडी काढायची, टिंबांच्या जागी झेंडूच्या कळ्या. खाली एक कळी ठेवली की ब, वर दोन ठेवल्या की त. कळ्या अर्थातच अण्णांच्या ढिगातल्या. शेजारी माळा ओवता ओवता ते गुरगुरायचे, "विकायच्या हायेत त्या." पण ढीग काही त्यांनी दूर सरकवला नाही.

तुमचं घर नक्की कुठलं, असं इथलेही विचारतात आणि मस्कतला राहिलेलेही. मी दोघांना एकच सांगते. जिथं एखादी भाषा चपलांसारखी उंबऱ्याबाहेर काढून ठेवावी लागत नाही, ते. आणि उंबऱ्यावर कोणी अडवलं, तर मी भांडते.

ईद आली. मी फोन लावला. उम्म नासिरचा आवाज असा, की रिसीव्हरमधून निघाला तो थेट ओटीवर. रेवा शाळा, मैत्रिणी, ओमचा पडलेला दात, सगळं घडाघडा सांगत सुटली. तेवढ्यात ओटीवर अण्णा खोकले.

"कोण गं ते खोकतंय?" उम्म नासिरनं तिच्या भाषेत विचारलं.

रेवानं अण्णांकडे बोट केलं, तोंड उघडलं आणि तशीच राहिली. या घरात बंदी असलेला तो एकच शब्द, आणि नेमका तोच गेला होता. तिचे डोळे भरले. मला माळ्याची शिडी दिसायला लागली.

सुईत अर्धा ओवलेला झेंडू तसाच हातात धरून अण्णा ताडकन उठले.

"अगं जद्दी! जद्दी म्हण ना तिला, माझा जद्दी हाय म्हणावं!"