न घेतलेलं लुगडं

हे मी आजवर कोणाला सांगितलं नाही. तशी मी गप्प बसणारी बाई नव्हे — कोणाच्या लग्नात कोण कसं रुसलं, ते मी नकलेसकट सांगते आणि बायका पदर तोंडात कोंबून हसतात. पण ही गोष्ट? ही कधी ओठांवर आली नाही.

महाराष्ट्र राज्य नवं होतं, सासरी मीही तशी नवीच. मलकापूरहून रहीमभाई कापडाचा गठ्ठा घेऊन आमच्या गावी येत. पाटलाच्या सुना दुकानाची पायरी चढत नसत, म्हणून दुकानच ओसरीवर यायचं. लुगडी पसंतीला ठेवून ते जात, पुढच्या बाजाराला येऊन नको असलेली परत नेत. आमच्यासमोर मोजत नसत — मोजणं म्हणजे घराचा अपमान. दुकानी गेल्यावर बघत आणि जे आलं नाही ते आमच्या खात्यावर मांडत. पैसे कापूस विकल्यावर.

त्या वर्षी माझी धाकटी जाऊ आली — सुमन. गरिबाघरची. एक जांभळं लुगडं तिनं नुसतं खांद्यावर टाकून पाहिलं, आणि सासूबाई म्हणाल्या, "पाय बरं, कसं शोभून राह्यलं हिले."

मला असं त्या कधी म्हणाल्या होत्या? एकदा तरी?

सुमननं ते घडी करून परत द्यायच्या ढिगात ठेवलं. पण सासूबाईंची नजर मी ओळखली — दिवाळीला ते हिच्याच अंगावर येणार होतं. म्हणून मी ते काढून माझ्या गोधड्यांखाली सारलं. नेसायला नव्हे. तिला मिळू नये म्हणून. ढीग रहीमभाईंच्या हाती मीच दिला, हसत.

कापूस विकला गेला. रहीमभाई हिशेब घेऊन आले. मामाजी, म्हणजे माझे सासरे, वाचता वाचता थांबले. "हे जांभळं लुगडं कोणाचं? घरात तं दिसलं नाही."

आता खरं सांगू? मला भीती वाटायला हवी होती. मला मजा वाटली. मी माझी पेटी ओसरीवर ओढत आणली, एकेक लुगडं झटकून पसरलं, रिकामा तळ सगळ्यांना दाखवला. काय थाट होता माझा. मग साहजिकच सगळे सुमनकडे बघू लागले. तिनंही पेटी उघडली. त्यात पसरावं असं काही नव्हतंच.

तेवढ्यावर थांबता आलं असतं. मी थांबले नाही. हळूच म्हणाले — सगळ्यांना ऐकू जाईल इतकं हळू — "माहेरी गेलं असंल."

सुमन रडली नाही. पेटीच्या कडीला धरून तशीच बसून राहिली. रहीमभाईंनी तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. फार वेळ नाही. "पाटील, चूक माही हाय," ते म्हणाले. "दुसऱ्या घरचं तुमच्या नावावर मांडलं." आणि ती ओळ खोडली.

ती चूक त्यांची नव्हती, हे आम्हा दोघांना माहीत होतं. मामाजींनी खातं दुसऱ्या दुकानी नेलं. पाहून पाहून गावातल्या इतर घरांनीही नेलं. रहीमभाई पुन्हा आमच्या ओसरीवर आले नाहीत. ते लुगडं मी एका गोधडीच्या पोटात शिवून टाकलं.

पण रहीमभाईंनी ओळ खोडली, माझं वाक्य कोण खोडणार? तेव्हापासून सुमन माहेरी निघाली की न सांगता सासूबाईंपुढे बसते, पिशवी उपडी करते, एकेक चीज दाखवते. कोणी मागितलेलं नाही तिला. आता सासूबाई गेल्या, तर ती माझ्यापुढे बसते. परवाही बसली. दोन लुगडी, भाचीसाठी झबलं, शेंगदाण्याची पुडी.

मी सगळं नीट पाहिलं, आणि म्हणाले, "हाव, बांध आता."