चालत्या वर्गाचा शेवटचा रविवार

स्वारगेटला एसटीत बसले तेव्हाच ठरवलं होतं, कोल्हापुरात उतरायचं ते भांडायला. देसाईबाईंचा चालता वर्ग बंद पडायच्या बेतात होता. मांडीवरच्या पिशवीत मी रात्रीतून छापून घेतलेली पत्रकं होती आणि डोक्यात राग.

चालता वर्ग म्हणजे काय, हे पुण्यातल्या मित्रमैत्रिणींना सांगून माझं तोंड दुखलंय. आमच्या कॉलेजात कला शाखेची पोरं रविवारी गावात हिंडून शिकायची. अर्थशास्त्र गुळाच्या सौद्यात, राजकारण बिंदू चौकातल्या सभेच्या कडेला उभं राहून, आणि ग्रीक नाटकं रंकाळ्याच्या पायऱ्यांवर खच्चून वाचून. बाईंचा नियम एकच. आपल्या कामाला निघालेला, तुमच्याशी काडीचा संबंध नसलेला माणूस तुमचं बोलणं ऐकून थांबला पाहिजे. कुणीच थांबलं नाही तर पुढच्या रविवारी तोच विषय पुन्हा. 'बाजारभाव कोण ठरवतं' हा विषय मी किती रविवार घासला! शेवटी एक म्हैसवाला थांबला, आणि त्याची म्हैसही. बाई म्हणाल्या, "दोघंही धरले."

मी आजऱ्याची. शिकायला शहराबाहेर मामाकडे राहायचे, एसटीनं ये-जा करायचे. पोरीला रविवारी घराबाहेर पडायला कारण लागायचं. "कॉलेजचं हाय" एवढं म्हटलं की मामा गप्प. बोलायला मी त्या रविवारांत शिकले. आता नवीन व्यवस्थापन म्हणतं, हे सगळं सभागृहात पडद्यावर दाखवा. उन्हात कशाला हिंडायचं? व्यवस्थापनाच्या समितीचे एक सदस्य या रविवारी बघायला येणार आणि तिथंच निर्णय देणार.

पंचगंगेचा पूल आला आणि खिडकीतून नदी दिसली. कडेला केंदाळ (जलपर्णी) दाटलेलं. तरी पूल संपेपर्यंत मान वळवून बघत राहिले.

राजारामपुरीत मात्र डोकं फिरलं. आमची वह्यांची दुकानं गेली, वर क्लासच्या पाट्या आल्या. पाटीवरची सगळी पोरं हसतात आणि सगळ्यांना डॉक्टर व्हायचंय. इतिहासाचा क्लास? एकही नाही. मिसळीच्या गाड्यावर थांबले. इथं मिसळीबरोबर स्लाइस ब्रेड देतात. पुण्यात पाव खाऊन मी ते विसरून गेले होते. कटाचा (तिखट तर्रीचा) ठसका लागला आणि डोळ्यांतून पाणी आलं.

"पुण्यासनं आलायसा व्हय, ताई?" गाड्यावरच्या मावशी म्हणाल्या.

"आजऱ्याची हाय मी!"

"मग रडाय काय झालं? खावा की गपगार."

बाईंच्या घरी सोनाली भेटली. मुरगूडची, दुसऱ्या वर्षाची. उद्या ब्रह्मपुरीच्या टेकडीखाली तीच बोलणार होती. मी पत्रकांचा गठ्ठा काढला. बाईंनी वरचं एक वाचलं.

"'जुलमी', 'निषेध', 'हाणून पाडा'. छान आहे. उद्या एकही वाटायचं नाही. उद्या हिला बोलू दे."

सोनाली माझ्याकडं वळली. "ताई, माझं वडील येणार हाईत उद्या. वर्ग बंद झाला तर रविवारी घरातनं सोडणार न्हाईत. ज्यादा तास हाय म्हणून खोटं सांगून मला जायाचं न्हाय."

सकाळी टेकडीखाली, पंचगंगेच्या घाटाकडच्या रस्त्यावर आम्ही जमलो. समितीचे सदस्य गाडीतच बसले, काच अर्धी खाली करून. सोनालीचे वडील दुधाचे रिकामे कॅन लावलेली मोटरसायकल टेकवून लांब उभे राहिले.

सोनालीनं सुरुवात केली. या टेकडीवर उकरताना रोमन समुद्रदेवाची काशाची मूर्ती मिळाली. समुद्र कुठं, कोल्हापूर कुठं! मग हा देव कोकणातनं घाट चढून आला कसा? कुणाच्या पाठीवरनं? वाटेत जकात कुणी घेतली? बंदरात नफा कुणी मारला? घेणाऱ्याचा थाट पुस्तकात हाय, वाहून आणणाऱ्याचं नाव कुठंच न्हाय.

भाजीवाली थांबली. रिक्षा थांबली. मग दुसरी रिक्षा. कपड्यांची बोचकी घेऊन घाटाकडं निघालेल्या बायका थांबल्या. बाईंच्या नियमानं सोनाली इतकी पास झाली की रस्ताच तुंबला. मागून हॉर्न सुरू झाले आणि एक हवालदार आला.

"कुठल्या पक्षाची सभा ही? परवानगी हाय का?"

"सभा न्हाय, तास हाय!" भाजीवाली ओरडली.

आता सदस्य गाडीतून उतरले. "पाहिलंत? यालाच आमचा विरोध. विद्यार्थ्यांच्या सुरक्षिततेची जबाबदारी कोण घेणार? बाई, आजपासून हे बंद."

मी पुढं सरसावले. तेवढ्यात गर्दीतूनच आवाज आला, "ओ पावणं, जरा बाजूला व्हा की! जकात कुणी घेतली ते कळू दे." लोक हसले. हवालदारानं रिक्षा कडेला घ्यायला लावल्या आणि तो सोनालीला म्हणाला, "उरक, पोरी." ती शेवटपर्यंत बोलली. सदस्य मधेच निघून गेले. निर्णय काही बदलला नाही.

गर्दी पांगली. सोनाली चपलेकडं बघत उभी होती. तिचे वडील सावकाश आले.

"बाई, कॉलेजनं बंद केलं म्हणं."

"हो."

"मग तुम्ही बी बंद?"

"मी तर येणार. पण कॉलेजचं नाव नसणार त्याला. हजेरी नाही, मार्क नाहीत."

त्यांनी खिशातून मोटरसायकलची किल्ली काढली. मग म्हणाले, "पुढच्या रविवारी हिनं एसटीतनं कुठं उतरायचं?"

बाईंनी सांगितलं, बिंदू चौक. सोनालीनं वर पाहिलं नाही, पण तिचे खांदे सैल झाले.

परतीच्या एसटीत कराड मागं पडेपर्यंत मी व्यवस्थापनाला मनातल्या मनात शिव्या घातल्या. त्या त्यांना पोचायला हव्यात आणि पोचवीनच. एक वर्ग त्यांनी बुडवलाय, त्याचा हिशेब मी सोडणार नाही. पण मला रविवारी बाहेर पडायला कॉलेजच्या नावाचा आडोसा लागला होता. मामांनी कधी विचारलं नाही मी कुठं उतरते, आणि मीही कधी सांगितलं नाही. सोनालीच्या वडिलांनी भर रस्त्यात, सगळ्यांदेखत विचारलं. बाहेर उसाचे फड मागं पळत होते आणि मला त्या पोरीचा हेवा वाटत होता.