महकमचा जिना

आमच्या इस्तरवशन शहरात सुऱ्या घडवणारे पुष्कळ, पण महकमइतका हेवेखोर दुसरा नाही. माणूस वाईट नव्हता. गिऱ्हाइकाशी गोड बोलायचा, बायकोला, सबोहतला, कधी टाकून बोलला नाही. फक्त धाकट्या भावाचं, झियोचं, नाव निघालं की याच्या पोटात दुखायला लागायचं.

आमच्याकडे बापाचं घर आणि आई धाकट्याच्या वाट्याला जातात, थोरल्याने लग्नानंतर वेगळं व्हायचं. महकम वेगळा झाला तो अंगणापलीकडच्याच खोल्यांत. घर गेल्याचं त्याला फारसं वाटलं नाही. आई, जुलैखोबीबी, रोज झियोच्या घरचा चहा पिते, हे मात्र त्याला पन्नाशी उलटली तरी पचलं नव्हतं.

त्यात यंदा झियोने माडीला लाकडी जिना केला. तोवर दोन्ही घरांना शिडीच होती, म्हणून माडीवर फक्त जर्दाळू वाळायचे. आता म्हातारी रोज संध्याकाळी वर जाऊन बसायची आणि गल्लीतल्या बायकांशी वरूनच गप्पा मारायची. महकम खाली भात्यापाशी तिचं हसणं ऐकायचा आणि कोळशाआधी स्वतः पेटायचा.

अखेर त्याने झियोच्याच सुताराला, उस्ताद हकबेर्दीला बोलावलं. आपल्याला याहून देखणा जिना हवा, कठडा अक्रोडाचा हवा आणि आई एकदा वर आली की तिने तिथेच बसावं, असं त्याला सांगितलं. उस्तादाने दोरी काढली. आमच्याकडे पायरीची उंची घरधन्याच्या वितीने धरतात. महकमने हात पुढे केला. घण मारून मारून त्याचा पंजा फावड्याएवढा झालेला. उस्ताद त्याकडे बघतच राहिला.

"झियोने आईला हात धरून आणलं होतं, वीत तिची घ्यायला लावली," तो म्हणाला.

"झियोने केलं म्हणून मीही करायचं का? घर माझं आहे. माझीच वीत घ्या."

सबोहतने मागून काही सांगायचा प्रयत्न केला, तर त्याने तिच्यावर डोळे वटारले. उस्तादाने दोरीला गाठ मारली.

लाकूड उचलायला सगळी गल्ली मदतीला आली. झियोही न बोलावता आला. महकमने त्याला भुसा झाडायचं काम दिलं, आणि भल्या माणसाने तेही हसतमुखाने केलं. त्यामुळे तर महकमच्या अंगाचा तिळपापड झाला.

जिना खरंच देखणा झाला. नव्या जिन्यावर घरातल्या सर्वांत थोर माणसाने भाकर हातात घेऊन पहिलं चढायचं, असा रिवाज. जुलैखोबीबी नवा रुमाल बांधून आली. पाय उचलला, तो पायरीला पोचेना. तिने कठडा धरून जोर केला, तशी गुडघ्यातून कळ आली. झियो पुढे सरसावला. महकमने त्याला खांद्याने बाजूला सारलं, आईला पाठुंगळी घेतलं आणि ताडताड वर नेलं. लोकांनी वाहवा केली. कित्येक वर्षांत तिचे हात त्याच्या गळ्यात पडले नव्हते. त्याचे डोळे भरून आले, आणि वरून त्याने भावाकडे असं पाहिलं की जणू आई आजपासून त्याची झाली.

म्हातारीने भाकर मोडली, नक्षीवरून बोटं फिरवली, काम छान झालंय म्हणाली. खाली पलाव वाढायला घेतला तेव्हा महकम पुन्हा तिच्यापुढे वाकला.

"सरक बाजूला," ती म्हणाली.

आणि ती वरच्या पायरीवर चक्क बसली. बसल्या बसल्या, झगा सावरत, एकेक पायरी घसरत खाली आली. झियोलाही तिने हात लावू दिला नाही. गल्लीतली मोठमोठी माणसं आपापल्या चहाच्या वाटीत बघत राहिली. मागून उतरलेला महकम तिच्यासमोर उभा राहिला.

"आई, मी रोज नेईन की तुला वर."

"तुझी पाठ दणकट आहे रे," ती हळूच म्हणाली. "पण झियोकडे मी माझ्या पायांनी चढते."

मग ती अंगण ओलांडून गेली. कठडा धरत, मध्ये दम घेत, झियोच्या जिन्याने एकटी वर चढली. महकम ताट हातात घेऊन बघत होता. जन्मभर त्याने झियोचा हेवा केला. आता त्याला त्या साध्या पांढऱ्या लाकडाच्या कठड्याचा हेवा वाटला, कारण आईने सगळा भार त्याच्यावर टाकला होता.